चिठ्ठी एक की चार? एच-वन-बी निवडीचं नवं गणित

एक कोडं घालतो. समजा, शिक्रापूरची एक मुलगी आणि केडगावचा एक मुलगा पुण्यात एकाच कॉलेजातून इंजिनिअर झाले. पुढे अमेरिकेत एकाच विद्यापीठातून दोघांनी एमएस केलं आणि दोघांनाही सॉफ्टवेअरची नोकरी लागली. मुलीला कॅलिफोर्नियात सॅन होजेला वर्षाला १,२५,००० डॉलर, मुलाला ओहायोतल्या एका मध्यम शहरात ९८,००० डॉलर. दोघांच्याही कंपन्यांनी एच-वन-बी व्हिसासाठी त्यांची नावं नोंदवली. निवड होण्याची शक्यता कोणाची जास्त?

२०२५ पर्यंत याचं उत्तर होतं, दोघांची सारखी. नावं संगणकाच्या सोडतीत जायची आणि सोडत पगार बघत नव्हती. २०२६ पासून उत्तर बदललं आहे. आता मुलाची शक्यता मुलीच्या जवळपास दुप्पट असू शकते, त्याचा पगार सत्तावीस हजार डॉलरने कमी असूनही. हे असं का, ते समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. शिरूरची मुलं नगर रस्त्याने वाघोलीच्या कॉलेजांत आणि खराडीच्या आयटी पार्कमध्ये पोचतात. दौंड, केडगाव, यवतची मुलं रेल्वेने नाहीतर सोलापूर रस्त्याने हडपसर गाठतात. वडील रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत, किंवा घरी ऊस आणि कांदा. पोरगं मात्र एमएससाठी अर्ज भरतंय, अशी घरं दोन्हीकडे आहेत. अशा घरात वसंत ऋतू उजाडला की एकच प्रश्न विचारला जातो, ‘लॉटरी लागली का?’ ती लॉटरी चालते कशी, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

अर्ज मुलाचा नसतो, कंपनीचा असतो

एच-वन-बी हा अमेरिकेत नोकरी करण्याचा तात्पुरता व्हिसा आहे. तो एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो आणि साधारणपणे एकूण सहा वर्षांपर्यंत वाढवता येतो. ज्या कामाला त्या विषयातली किमान पदवी लागते, अशाच कामासाठी तो असतो. उमेदवाराला तो स्वतः मागता येत नाही, नोकरी देणाऱ्या कंपनीलाच त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो.

याचे टप्पे चार. मार्चमध्ये कंपनी ऑनलाइन नोंदणी करते. त्यात उमेदवाराचं नाव, पासपोर्टची माहिती, शुल्क आणि २०२६ पासून पगाराची पातळीही लागते. हे शुल्क आधी १० डॉलर होतं, २०२५ पासून २१५ डॉलर झालं. नोंदणी बंद झाली की सोडत निघते आणि मार्चअखेरपर्यंत निकाल कळतो. ज्यांचं नाव निघालं त्यांच्या कंपन्या १ एप्रिलपासून पुढच्या किमान नव्वद दिवसांत पूर्ण अर्ज भरतात. त्यासोबत पदवी, कामाचं स्वरूप, पगार आणि अमेरिकेच्या कामगार खात्याचा दाखला जोडावा लागतो. अर्ज मंजूर झाला तर १ ऑक्टोबरपासून त्या व्हिसावर काम सुरू होतं.

म्हणजे ‘लॉटरी लागली’ याचा अर्थ व्हिसा मिळाला असा होत नाही. अर्ज भरायची परवानगी मिळाली, एवढाच होतो. काही कंपन्या नंतर अर्ज भरतच नाहीत, काहींचे अर्ज नामंजूर होतात. हे धरूनच सरकार जागांपेक्षा जास्त नावं काढतं. २०२५ च्या मोसमात जागा ८५,००० होत्या आणि निवडलेल्या नोंदण्या १,२०,१४१.

या ८५,००० जागांचे दोन भाग आहेत. ६५,००० जागा सगळ्यांसाठी आहेत. त्यातल्या ६,८०० चिली आणि सिंगापूरच्या नागरिकांसाठी बाजूला ठेवतात. उरलेल्या २०,००० जागा अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आहेत. सोडत आधी ६५,००० साठी निघते आणि तीत सगळी नावं असतात. मग तिथे न लागलेल्या अमेरिकी मास्टर्सवाल्यांची २०,००० साठी पुन्हा सोडत होते. एमएस केलेल्याला एकाच वर्षी दोनदा संधी मिळते ती अशी.

रांग होती, तिची सोडत झाली

महाडीबीटी पोर्टलवर ठिबकसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी अर्ज केलेल्या शेतकऱ्याला सोडत समजावून सांगायला नको. मागणारे जास्त, निधी थोडा, म्हणून संगणक नावं काढायचा. २०२५ मध्ये कृषी खात्याने ही सोडत सोडून ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशी रांग आणली. अमेरिकेत नेमकं उलट घडलं. तिथे आधी रांग होती, नंतर सोडत आली.

एच-वन-बी १९९० च्या कायद्याने सुरू झाला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा त्याच कायद्यात होती. संगणक उद्योगाच्या भरभराटीत ती तात्पुरती वाढवली गेली आणि २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत ती १,९५,००० होती. पुढे ती पुन्हा ६५,००० वर आली. २००४ च्या कायद्याने मास्टर्सच्या २०,००० जागा जोडल्या. तेव्हापासून हा आकडा हललेला नाही.

कायद्यात आजही लिहिलेलं आहे की हे व्हिसा अर्ज ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने द्यायचे. जागा उरत होत्या तोवर ते जमत होतं. २००७ च्या एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाल्याबरोबर जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज येऊन पडले. एकाच वेळी आलेल्या लाखभर अर्जांत आधी कोण आणि नंतर कोण, हे कसं ठरवणार? मग संगणकावर नावं काढायची पद्धत रूढ झाली. मंदीची काही वर्षं सोडली तर पुढे सोडत हाच नेम झाला.

एका माणसाची दहा नावं

सोडतीत प्रत्येकाची एक चिठ्ठी असावी, हे साधं तत्त्व आहे. ते मोडलं २०२० नंतर. त्या वर्षी पूर्ण अर्जाऐवजी आधी छोटी ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क फक्त दहा डॉलर, अशी सोय झाली. कागदपत्रांचा खर्च वाचला, पण पळवाटही मिळाली. एकाच उमेदवाराचं नाव पाच-दहा कंपन्यांकडून नोंदवता येऊ लागलं आणि जितक्या नोंदण्या तितक्या चिठ्ठ्या झाल्या.

२०२३ च्या मोसमात पात्र नोंदण्या ७,५८,९९४ वर गेल्या. त्यातल्या ४,०८,८९१ नोंदण्या अशा लोकांच्या होत्या, ज्यांची नावं एकाहून जास्त वेळा आली होती. एकाच कंपनीची एकच ऑफर हातात घेऊन सरळ मार्गाने आलेली मुलं या गर्दीत मागे पडत होती.

२०२४ मध्ये नियम बदलला. नोंदण्या कितीही झाल्या तरी एका पासपोर्टवर सोडतीत नाव एकदाच घ्यायचं असं ठरलं. परिणाम लगेच दिसला. पात्र नोंदण्या त्या वर्षी ४,७०,३४२ वर आणि २०२५ मध्ये ३,४३,९८१ वर आल्या. ही दुरुस्ती चांगली होती आणि तिचा फायदा प्रामाणिक उमेदवारांना झाला. तरीही ती सोडत सगळ्यांना समानच मानत होती. पुढचा बदल त्या समानतेलाच हात घालणारा आहे.

आता चिठ्ठ्या पगारावर

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने अंतिम नियम प्रसिद्ध केला. तो २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला आणि त्याच वर्षीची मार्चमधली नोंदणी नव्या पद्धतीची पहिली नोंदणी ठरली. सोडत राहिली, पण प्रत्येकाच्या चिठ्ठ्या आता सारख्या राहिल्या नाहीत. पगाराच्या चार पातळ्या धरल्या आहेत. पहिल्या पातळीवरच्या उमेदवाराची एक चिठ्ठी पडते, दुसऱ्या पातळीवरच्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या चार. चारपैकी एक जरी निघाली तरी त्या माणसाची निवड झाली आणि त्याच्या बाकीच्या चिठ्ठ्या बाद.

थेट सर्वांत जास्त पगारापासून खाली निवडत का आले नाहीत? असा नियम जानेवारी २०२१ मध्ये खरोखर काढला गेला होता. त्यात चौथी पातळी आधी संपवायची, मग तिसरी, असा उतरता क्रम होता. तो अमलात येण्याआधीच सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केला. ज्या प्रभारी मंत्र्यांच्या अखत्यारीत तो निघाला, त्यांची नेमणूकच कायदेशीर नव्हती, हे त्याचं कारण. नव्या नियमात नशीब शिल्लक ठेवलेलं आहे. पहिल्या पातळीचं दार बंद झालेलं नाही, अरुंद झालं आहे.

पातळी ठरते कशी

या सगळ्या बदलाची किल्ली इथे आहे आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच होतात. पातळी म्हणजे पगाराचा आकडा नाही. त्या भागात, त्याच कामाला इतरांना जे मिळतं त्याच्या तुलनेत हा पगार कुठे बसतो, ते पातळी सांगते.

अमेरिकेचं कामगार खातं देशभर वेतनाची पाहणी करतं. प्रत्येक व्यवसाय आणि प्रत्येक भाग यांच्या जोडीसाठी ते चार आकडे काढतं. त्या भागात ते काम करणाऱ्या सगळ्यांचे पगार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले, तर पहिल्या पातळीचा आकडा साधारण सतराव्या टक्क्याजवळ येतो. दुसरा चौतिसाव्या टक्क्याजवळ, तिसरा मध्यावर आणि चौथा सदुसष्टाव्या टक्क्याजवळ येतो. उमेदवाराचा पगार यांतल्या ज्या सर्वांत वरच्या आकड्याला गाठतो, ती त्याची पातळी.

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, सॅन होजे भागात त्या कामाचे चार आकडे असे आहेत:

१,२०,००० – १,४५,००० – १,७०,००० – १,९५,०००

आणि ओहायोतल्या त्या शहरात असे:

७२,००० – ९०,००० – १,०८,००० – १,२६,०००

मुलीचे १,२५,००० डॉलर सॅन होजेत पहिला आकडा ओलांडतात, दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. पातळी पहिली, चिठ्ठी एक. मुलाचे ९८,००० डॉलर ओहायोत दुसऱ्या आकड्याच्या पुढे गेले आहेत. पातळी दुसरी, चिठ्ठ्या दोन. तोच मुलगा त्याच पगारावर सॅन होजेत असता, तर पहिल्या आकड्यालाही पोचला नसता.

आणखी एक गोष्ट याच ओळींत दिसते. मुलीचा पगार १,२५,००० वरून १,४४,००० झाला तरी चिठ्ठी एकच राहते. तो १,४५,००० ला टेकला की चिठ्ठ्या दोन. पगार हळूहळू चढतो, पण संधी पायरी ओलांडल्यावरच वाढते. पायरीच्या जवळ असलेल्या उमेदवाराने कंपनीशी बोलताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण तिथले हजार-दोन हजार डॉलर निर्णायक ठरू शकतात.

नियमात पळवाटाही बुजवल्या आहेत. एकाच उमेदवाराची नोंदणी दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या पातळीवर केली तर खालची पातळी धरली जाते. काम एकाहून जास्त ठिकाणी असेल तर प्रत्येक ठिकाणी पातळी काढून त्यातली सर्वांत खालची घेतात. नोंदणीत एक पगार दाखवून पुढे अर्जात कमी केला, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. ‘आम्ही तुमची लेव्हल वाढवून देतो’ असं कोणी कन्सल्टन्सीवाला सांगत असेल, तर त्यापासून लांब राहावं. पगार खरोखर वाढला तरच पातळी वाढते, आणि खोटी नोंद उघडकीला आली तर तिचा डाग मुलाच्या पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर पडतो.

कोणाचं वाढलं, कोणाचं घटलं

नियम मांडताना खात्याने स्वतःच निवडीच्या शक्यतेचा अंदाज दिला आहे. जुन्या पद्धतीत सगळ्यांना सुमारे ३० टक्के शक्यता होती. नव्या पद्धतीत ती अशी होते:

पहिली पातळी: सुमारे १५ टक्के
दुसरी पातळी: सुमारे ३१ टक्के
तिसरी पातळी: सुमारे ४६ टक्के
चौथी पातळी: सुमारे ६१ टक्के

नोंदण्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे या टक्क्यांकडे भाकीत म्हणून पाहू नये. त्यातलं प्रमाण महत्त्वाचं आहे. पहिल्या पातळीची शक्यता निम्म्यावर आली, चौथीची दुपटीच्या वर गेली आणि दुसरीची होती तिथेच राहिली.

दुसरी पातळी का हलली नाही? कारण सर्वांत जास्त उमेदवार याच पातळीवर आहेत. सगळ्या चिठ्ठ्या मोजून त्यांना माणसांच्या संख्येने भागलं, तर माणशी जवळपास दोन चिठ्ठ्या येतात. ज्याच्या हातात सरासरीइतक्या चिठ्ठ्या आहेत त्याचं काही बदलत नाही. सरासरीहून जास्त असलेल्याचं वाढतं, कमी असलेल्याचं घटतं, आणि पहिल्या पातळीवाल्याच्या हातात सरासरीच्या निम्मीच चिठ्ठी आहे.

पहिल्या पातळीवर बहुतेक वेळा कोण असतं? नुकतं शिक्षण संपवून पहिल्या नोकरीला लागलेलं पोर. जास्त पगाराच्या, जास्त अनुभवी लोकांना पुढे आणणं हा या बदलाचा हेतू असल्याचं अमेरिकी सरकार सांगतं. एक देश म्हणून तो त्यांचा अधिकार आहे. पण पगाराची पातळी माणसाचं आजचं मोल सांगते. दोन वर्षांनी तो काय करू शकेल, हे त्यात दिसत नाही. बावीस-चोविसाव्या वर्षी कर्ज काढून गेलेल्या मुलावर या बदलाचा भार सर्वांत जास्त पडणार आहे, आणि आपल्या तालुक्यांतून जाणारी मुलं नेमकी तीच आहेत.

तीन प्रयत्नांचा हिशेब

एमएस झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच बारा महिने नोकरी करता येते. याला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातली पदवी असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. या तीन वर्षांत साधारण तीनदा मार्च येतो, म्हणजे लॉटरीचे तीन प्रयत्न होतात. ‘एकदा नाही तर दुसऱ्यांदा लागेल’ हा घरातला दिलासा यावरच उभा असतो.

तो दिलासा आकड्यांत तपासू. दर वेळी ३० टक्के शक्यता असेल, तर तीनही वेळा हुकण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. एकदा तरी लागण्याची शक्यता ६६ टक्के. तिघांतल्या दोघांचं काम होत होतं. आता तिन्ही वेळा पहिल्याच पातळीवर राहिलं, तर तीनदा हुकण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ६१ टक्के. एकदा तरी लागण्याची ३९ टक्के. पाचांतल्या दोघांचं काम होईल, तिघांना परतावं लागेल किंवा दुसरी वाट शोधावी लागेल.

यात आशेची जागाही आहे. तीन वर्षं पगार तोच राहत नाही. पहिल्या वर्षी पहिल्या पातळीवर असलेलं पोर अनुभव मिळवून तिसऱ्या वर्षी दुसऱ्या पातळीवर गेलं, तर शेवटच्या प्रयत्नाची शक्यता दुप्पट होते. म्हणून पहिली नोकरी निवडताना शहराचं नाव आणि पगाराचा मोठा आकडा एवढंच न बघता, त्या भागात तो पगार कोणत्या पायरीवर बसतो हे बघायला हवं. मोठ्या शहराबाहेरची थोड्या कमी पगाराची नोकरी लॉटरीत जड ठरू शकते.

सोडतीतून पूर्ण सूट असलेली वाटही आहे. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांना ८५,००० ची मर्यादा लागू होत नाही. तिथल्या नोकरीसाठी एच-वन-बी वर्षभरात केव्हाही मागता येतो.

एक लाख डॉलरची वेगळी अट

लॉटरीच्या बदलाबरोबर आणखी एक गोष्ट कानावर येते आणि दोन्हींची गल्लत होते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक घोषणापत्र काढलं. २१ सप्टेंबरपासून नव्या एच-वन-बी अर्जासाठी कंपनीने १,००,००० डॉलर भरावेत, असं त्यात आहे. घोषणापत्राची मुदत मुळात बारा महिन्यांची, वाढवता येण्याजोगी. पुढे ऑक्टोबरमध्ये सरकारने स्पष्ट केलं की जे उमेदवार आधीच अमेरिकेत वैध व्हिसावर आहेत आणि तिथेच राहून एच-वन-बीवर बदली करून घेतात, त्यांना ही अट लागत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. खराडीत किंवा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाला कंपनीने इथून नव्याने तिकडे पाठवायचं, तर एक लाख डॉलरचा प्रश्न येतो. तिकडेच शिकून नोकरीला लागलेल्याला तो येत नाही. त्यामुळे अमेरिकेत जाऊन एमएस करण्याकडे ओढा आणखी वाढतो. त्याच वेळी त्या वाटेवरच्या नवख्यांची लॉटरीतली शक्यता निम्मी झाली आहे. या दोन गोष्टी एकत्र बघितल्या नाहीत तर निर्णय चुकतो.

इतर देश कसे निवडतात

कुशल कामगार निवडण्याच्या पद्धती ढोबळमानाने चार: रांग, सोडत, गुण आणि पगाराची किमान रेषा. अमेरिकेने आता सोडत आणि पगार यांची सांगड घातली आहे.

कॅनडा गुण मोजतो. २०१५ पासून तिथे एक्स्प्रेस एन्ट्री नावाची पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन वरच्यांना बोलावलं जातं. पूर्वी नोकरीच्या ऑफरला वेगळे गुण होते. पैसे घेऊन खोट्या ऑफर विकण्याचे प्रकार वाढल्याने मार्च २०२५ मध्ये ते काढून टाकले.

ब्रिटनमध्ये सोडत नाही, रेषा आहे. जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड केला आणि बहुतेक कामांसाठी पदवीच्या दर्जाची अट घातली. रेषेच्या वर असाल तर आत, खाली असाल तर बाहेर. नवख्यांसाठी आणि काही कामांसाठी रेषा थोडी खाली आहे.

जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर आधारलेलं ‘संधी कार्ड’ सुरू केलं. आपल्याकडच्या मुलांसाठी मात्र दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी कामं आहेत. म्हणजे आयटीआय किंवा नर्सिंग केलेल्या मुलामुलींनाही दार उघडतं. तिथे पगाराच्या पातळीपेक्षा जर्मन भाषा येते का आणि इथलं प्रमाणपत्र तिथे मान्य होतं का, हे आधी बघितलं जातं. भाषा हाच तिथला सर्वांत मोठा अडथळा आहे, आणि तो कष्टाने पार होतो, नशिबाची वाट बघावी लागत नाही.

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. मग घर, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव पुढे येते. कधी जमिनीचा तुकडा विकलाही जातो. समजा, चाळीस लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं. हप्ता महिन्याला सुमारे ५५ हजार रुपये येतो, आणि शिक्षण चालू असताना साचणारं व्याज यात धरलेलं नाही. डॉलरमध्ये पगार असेल तर तो सहज निघतो. मुलाला परतावं लागलं आणि पुण्यात नव्याने नोकरी धरावी लागली, तर घरखर्च भागवून तो निघेल का? हा प्रश्न व्हिसा हुकल्यावर विचारून उपयोग नाही, सही करण्याआधी विचारायचा आहे.

त्यासाठी कुटुंबाने चार गोष्टी स्वतः बघाव्यात. पहिली, ज्या शाखेत एमएस करायचं तिला पुढचे चोवीस महिने मिळतात का? त्यावर लॉटरीचे प्रयत्न एक की तीन हे ठरतं. दुसरी, ज्या शहरांत नोकरी मिळण्याची शक्यता आहे तिथे त्या कामाचे चार आकडे किती आहेत? अमेरिकेच्या कामगार खात्याच्या फ्लॅग या संकेतस्थळावर व्यवसाय आणि भाग निवडला की ते कोणालाही फुकट दिसतात. तिसरी, मुलाकडे इथला दोन-तीन वर्षांचा अनुभव आहे का? अनुभव घेऊन गेलेल्याला पहिल्याच नोकरीत वरच्या पायरीचा पगार मागता येतो, त्यामुळे पदवीच्या दुसऱ्या दिवशी विमान पकडण्याची घाई आता पूर्वीइतकी शहाणपणाची राहिलेली नाही. आणि चौथी, तीनही वेळा हुकलं तर पुढे काय, याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का?

विद्यापीठाचा क्रमांक, व्हिसाची मुलाखत, विमानाचं भाडं हे सगळं सांगायला एजंट तयार असतात. पगाराची पातळी ते क्वचितच काढतात, कारण त्यांचं काम प्रवेश मिळाला की संपतं. ही माहिती देण्याची जबाबदारी कॉलेजांनी घ्यायला हवी. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलावून तासभर फ्लॅगवरचे आकडे पडद्यावर दाखवले, तरी कितीतरी घरांचे निर्णय जास्त पक्क्या पायावर उभे राहतील. मुलांनी जाऊ नये असं यातून मुळीच सुचवायचं नाही. शक्यता १५ टक्के आहे की ६१ टक्के, हे माहीत करून घेऊन जावं. हिशेब आधी केलेल्या घराला अपयश आलं तरी ते सावरतं, कारण त्याने त्याची तजवीज ठेवलेली असते.

चौकट: थोडक्यात

• एच-वन-बीच्या वर्षाला ८५,००० जागा: ६५,००० सर्वांसाठी, २०,००० अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी.

• २०२४ पासून एका पासपोर्टवर सोडतीत नाव एकदाच. २०२६ पासून त्या नावाच्या चिठ्ठ्या पगाराच्या पातळीनुसार एक ते चार.

• पातळी पगाराच्या नुसत्या आकड्यावर ठरत नाही. काम आणि भाग बघून, तिथल्या इतर पगारांच्या तुलनेत ठरते.

• सरकारी अंदाजानुसार पहिल्या पातळीची शक्यता ३० वरून सुमारे १५ टक्क्यांवर, चौथीची सुमारे ६१ टक्क्यांवर.

• तीन प्रयत्न मिळून एकदा तरी निवड होण्याची शक्यता: पूर्वी सुमारे ६६ टक्के, आता तिन्ही वेळा पहिल्या पातळीवर राहिल्यास सुमारे ३९ टक्के.

• एक लाख डॉलरची अट वेगळी आहे. ती मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्या नव्या उमेदवारांच्या अर्जांना लागते.

• विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांतल्या नोकऱ्यांना सोडत लागत नाही.